जोडीला कोण

सून पावसात गेली. ताप आला आणि चौथ्या दिवशी गेली. भात कापून झाला, दिवाळी झाली, आणि मुकादम आला. ओट्यावर बसून चहा पिला, मंग माझ्या पोराला बोलला, "यंदा जोडीला कोण?"

आमच्याकडे दिवाळी झाली का लोकं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे. पाऊस यायच्या आधी परत. भट्टीवर एकट्या माणसाला घेत नाय, जोडी लागते. पुरुष विटा थापतो, बाई डोक्यावर गारा वाहते. बायको नसली तर लेक चालते. म्हणून पोरानी माझ्या नातीकडे बघितलं. ती भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

नात तेव्हा जव्हारला कॉलेजात, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. राहायची वसतिगृहात, दिवाळीच्या सुट्टीला घरी आलेली.

मी बोलले, "मी येते."

मुकादम हसला. "डोकरे, तुलाच उचलायला दुसरी जोडी लागंल."

"तुला गारा पायजे का माझं वय?"

गेले मी. गारा म्हणजे भिजवलेली माती, दगडापेक्षा जड. पहिल्या आठवड्यात मान धरली. घमेलं अर्धंच भरायचे आणि दुप्पट फेऱ्या मारायचे. पोर थापायचा हळूहळू, माझा गारा पुरायला पायजे म्हणून.

थंडी सरता सरता नात भट्टीवर आली, वही घेऊन. कॉलेजात तिला समाजशास्त्र होतं. मास्तरांनी सांगितलेलं, लोकांना विचारून लिहून आणा. बायका गारा टाकून बसल्या. ती मलाच विचारायला लागली, "तुमचं नाव काय? वय काय?"

"अगं, तुझी आजी हाय मी. पाळण्यात घातलेलं विसरली का?"

बायका हसल्या. एक बोलली, "काय दुखतं ते पण लिव. मंग औषध कोण आणणार ते पण लिव."

नात लाल झाली, पण उठली नाय. सगळ्यांना विचारलं, किती वर्षं येता, पयल्यांदा कशाला आलात. सांजेला झोपडीत तिनी आम्हाला वाचून दाखवलं. सगळ्यांनी एकच सांगितलेलं. एक वर्षासाठी आलो होतो. दात पडलेली एक म्हातारी होती, ती पण एक वर्षासाठीच आलेली. माझी सून तशीच आलेली, लग्नाच्या वर्षी. पोर खाली बघत ऐकत होता. मंग बाहेर जाऊन बसला.

नात बी.ए. झाली. मला वाटलं, झालं आता. शेजारीण बोलली, "आर्ट करून पोरगी काय होते? नवरी होते." कॉलेजात सांगितलेलं का तलाठी होता येतं, जंगलखात्यात लागता येतं, पोलिसात, शाळेत. नातीनी सगळे फॉर्म भरले. पोलिसात उंची कमी पडली. जंगलखात्यात धावण्यात पास झाली आणि पेपरात राहिली. शाळेसाठी आणखी एक कोर्स लागतो बोलले. आमच्या साखरशेत गावाहून जव्हारला जीपनी जायची, वाचनालयात बसायची, उन्हातान्हाची परत यायची. मी काय विचारत नव्हते. विचारलं का ती जेवत नव्हती. भट्टीवर दर साली जोडीला मीच जात होते, आणि मान वळेनाशी झाली.

मंग एका संस्थेत लागली. भट्टीवर आलेली पोरं शोधायची, त्यांच्या आईबापाशी बोलायचं, जवळच्या शाळेत बसवायचं. तिथल्या साहेबांना आमची बोली कळत नाय आणि बायकांना त्यांची. ही दोन्हीकडून बोलायची. खांद्याला पिशवी लावून त्याच भट्ट्यांवर फिरायची. मी बोलले, "शेवटी तू भट्टीवरच गेली." ती बोलली, "गेले, पण घमेलं नाय." तेव्हा आमी दोघी हसलो.

ते काम अकरा महिन्याचं होतं. पुढचं पत्र येईल बोलले. दसरा झाला, दिवाळी झाली, पत्र आलं नाय.

मागल्या आठवड्यात एका सकाळी बघते तर नात अंगणात बसलेली. आईचं जुनं लुगडं फाडून चुंबळ वळत होती. चुंबळ म्हणजे डोक्यावर घमेल्याखाली ठेवतात ती गुंडाळी. बरोबर आईसारखी वळत होती. कोणी शिकवली नव्हती.

"हे काय करते?"

"बाबाला जोडी नाय. तुझी मान वळत नाय. एकच वर्ष, आजी. पत्र आलं का मी परत येईन."

तेवढ्यात मुकादम आलाच. ओट्यावर बसला, चहा मागितला. "जोडीला कोण?"

माझी मान डावीकडे फिरत नाय. म्हणून सगळी वळले आणि बोलले, "मीच."

या वेळी मुकादम हसला नाय. "डोकरे, भट्टीचा शेठ तुला नको बोललाय. तू पडलीस तर कोण बघणार?"

नात उठली. चुंबळ हातात तशीच. पोर कुडाला टेकून उभा होता. त्यानी तिच्याकडे बघितलं नाय. बोलला, "तुझी ती वही आण. भट्टीवर लिहिलेली."

तिनी आणली.

"बायका काय बोलल्या ते वाच. मुकादमाला पण ऐकू दे."

तिनी वही उघडली. एक ओळ वाचली, 'एक वर्षासाठी आलो होतो', दुसरी वाचली, तीच, तिसरीला थांबली.

पोर मुकादमाला बोलला, "यंदा जोडी नाय."

मुकादम चहा अर्धा ठेवून गेला. पोर दुसऱ्या दिवशी मोखाड्याकडे रस्त्याच्या कामावर गेला. तिथं एकट्याला घेतात, पण आज काम असतं आणि उद्या नसतं. कालपासून तो घरीच हाय.

पत्र अजून आलं नाय. नात आज जव्हारला गेली, विचारून येते बोलली. चुंबळ मी सोडवली. लुगड्याचं तेवढं फडकं धुवून दोरीवर टाकलंय.