धावेवरून उतरवलेला डोंगा

नव्या धरणाचा तलाव भरला आणि आमचा भाजीचा मळा त्याच्या पोटात गेला. मग ह्यांनी एका भोयाकडून जुना लाकडी डोंगा घेतला आणि मासे धरायचं ठरवलं. माळ्याच्या हातात जाळं म्हणून गावानं आम्हाला पोटभर हसून घेतलं. त्याचं मला काही नव्हतं. डोंगा पाण्यात उतरवायला जागा मिळेना, त्यानं मात्र माझी झोप उडवली होती.

डोंगा अंगणात उन्हात वाळत होता. मी ओली पोती टाकायची, तरी फळ्यांच्या फटी वाढतच होत्या. असाच पडून राहिला असता तर त्याचं सरपण झालं असतं आणि हे चिखलीला हमालीला गेले असते. हे रोज काठ धुंडाळून येत. धुण्याच्या घाटावर बायका दगडांवरून गाडी नेऊ देईनात. ढोरांच्या उतारावर बैल पोटापर्यंत रुतावेत असा गाळ. धरणाच्या भिंतीकडचा मुरमाचा रस्ता चांगला, पण तिथे चौकीदार काठी आडवी धरी.

एक दिवस हे असेच हात हलवत परत आले आणि डोंग्याकडे बघत बसून राहिले. माझं डोकं फिरलं.

"साऱ्या तलावाले चक्कर मारता, आन् आपल्या विहिरीकडे काऊन जात नाही? धाव हाये ना तिथं."

धाव म्हणजे मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जातात ती वाट. आमची विहीर उंचवट्यावर, पाण्याबाहेर राहिली होती आणि तिची धाव सरळ तलावात शिरली होती. खाली दगड, वर पिढ्यान्पिढ्या खुरांनी ठोकलेली माती. ह्यांना ते ठाऊक नव्हतं असं थोडंच? पण मळा बुडाल्यापासून हे तिकडे मानही वळवत नसत.

"माह्याच्यानं पाह्यवत नाही तिकडं," हे म्हणाले.

"नका पाहू. डोळे मिटून उतरवा."

सकाळी दिरानं गाडीवर डोंगा चढवला, पण धावेच्या तोंडाशी येऊन दीर थांबला. "दादा, गाडी आत गेली त वापस कशी येईन? वळवाले जागाच नाही."

ह्यांनी कासरा हातात घेतला. बैल आमचेच, मोटेवर मुरलेले. पाणी छातीला लागेपर्यंत ते उतरले. दोघा भावांनी डोंगा बाजूनं पाण्यात सरकवला. मग ह्यांनी मोटेवरची हाळी दिली आणि मोट परत विहिरीत सोडताना यायचे तसे बैल मागे मागे सरकत, गाडीसकट वर आले. माझा जीव भांड्यात पडला.

फटींतून थोडं पाणी झिरपलं, ते ह्यांनी डबड्यानं उपसलं आणि बांबू तळाला टेकवत डोंगा आत नेला. जरा पुढे जाऊन थांबले.

"इथं मिरच्या होत्या," तिथूनच ह्यांनी सांगितलं.

"हाव," मी म्हटलं.

आणखी पुढे गेले. "आन् हे वांगे."

मळा गेल्यापासून ह्यांच्या तोंडून मिरची-वांग्याचं नाव निघालं नव्हतं. आता हा माणूस सावरतो, असं मला वाटलं आणि फार दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला.

"मंग वांग्यातच टाका जाळं," मी काठावरून ओरडले. "सारं शेणखत आपण तिथंच ओतलं."

पाण्यावरून ह्यांचं हसणं ऐकू आलं, आणि ह्यांनी जाळं तिथंच टाकलं.