वर गेलेला हात

ऑस्टिओपॅथीच्या, म्हणजे हातानं दाबून हाडं-सांधे मोकळे करण्याच्या, त्या दवाखान्यात कोपऱ्यात प्लास्टिकचा एक सांगाडा उभा असतो. काहीच दुखत नसलेला तिथं तो एकटाच. मी दुखरी मान घेऊन त्याच्याशेजारी बसलो होतो.

आतून साठीच्या एक बाई बाहेर आल्या. कित्येक महिने त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. केससुद्धा सून विंचरून द्यायची. डॉक्टर दारापर्यंत आले आणि प्रवचनाच्या सुरात म्हणाले, "काकू, शरीर स्वतःच बरं होत असतं. आपण फक्त अडथळा दूर करायचा."

बाकावर बसलेल्या नवऱ्याला बाई हरखून म्हणाल्या, "अहो, बघा ना, हात वर गेला!" हात खरंच वर होता, वर्गात उत्तर येत असलेल्या मुलीसारखा.

नवऱ्यानं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "झालं एकदाचं! मग ही दळणाची पिशवी धर. मी गाडी काढतो."

हात खाली आला. पिठाची ती जड पिशवी बाईंनी त्याच हातानं उचलली. आपल्याकडे बाईचा हात बरा होतो, तो पुन्हा कामाला लागण्यासाठीच.

डॉक्टरांचं निदान मात्र अचूक होतं. अडथळा खाली रस्त्यावर उभा राहून स्कूटरचा हॉर्न वाजवत होता.