सांबराची नजर
सकाळी बागेतली घाणेरी छाटली आणि त्या उग्र वासानं मला सुखना तलावामागच्या जंगलात नेलं. सासूबाई गेल्यावर आम्ही सासऱ्यांना चंद्रपूरहून चंदीगडला आणलं होतं. वनरक्षक म्हणून जंगलात आयुष्य काढलेला हा माणूस इथे दिवसभर भिंतीकडे बघत गप्प बसायचा, म्हणून एका रविवारी रीतसर परवानगी काढून त्यांना तिकडे घेऊन गेलो. पाणवठ्यापाशी एक सांबर शेपटी ताठ करून एकदम ओरडलं. वाटाड्या म्हणाला, "देखो जी, कितना बड़ा है," आणि आम्ही सगळे मोबाइल काढून त्याचे फोटो घ्यायला लागलो. सासरे मात्र आमच्याकडे पाठ करून समोरच्या उताराकडे बघत होते. "सांबराले काय पाहून राहिले? ते कुठं पाहून राहिलं, तिकडं पाहा," ते हळूच म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचं एवढं लांब वाक्य ऐकलं. वाळक्या गवतात बिबट्याचे दोन कान हलले आणि दिसेनासे झाले. आजही सासरे अधूनमधून गप्प होतात. तेव्हा मी त्यांच्याकडे बघत नाही, ते कुठं बघताहेत ते बघते. हल्ली ते डोंगरांकडे बघत असतात, आणि पायात बूट चढवलेले असतात.