भावाच्या नावाचं पत्रक

भाऊ तेव्हा सोळाचा, दहावीत. दोन मित्रांसोबत कुणाची तरी मोटारसायकल न विचारता घेऊन मुदखेडपर्यंत फिरून आला आणि नांदेडात शिरताना सापडला. बेडी नाही, कोठडी नाही. दुसऱ्या दिवशी बाल न्याय मंडळासमोर नेलं, तिथं आरोपीचा पिंजराही नव्हता. साधं टेबल, पलीकडे मॅजिस्ट्रेट बाई आणि दोन सामाजिक कार्यकर्ते. पप्पांच्या तोंडून 'आरोपी' शब्द गेला, तर बाईंनी थांबवलं. "आरोपी नाही. विधिसंघर्षग्रस्त बालक." आणि त्याच दिवशी त्याला आई-पप्पांच्या हवाली केलं.

हे सगळं मला मान्य होतं. मूल गुन्हेगार नसतं, हे मी कितीतरी पत्रकांत लिहिलं होतं. कुठं अन्याय दिसला की आमच्या घरातून पत्रक निघायचं. पप्पांच्या सायकलवर बसून मी ती वाटतच मोठी झाले. पण तोच कायदा माझ्या भावाशी इतका मऊ वागला आणि माझ्या पोटात दुखलं.

मग परिवीक्षा अधिकारी बाई घरी आल्या. मंडळासाठी त्याचा सामाजिक तपासणी अहवाल लिहायचा होता. तासभर त्यांनी त्यालाच विचारलं: काय आवडतं, कशाची भीती वाटते, घरात कोण मारतं. मी चहा ठेवला. एकवीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, तुला कशाची भीती वाटते. पहिल्या नंबरानं पास होणाऱ्या पोरीची तपासणी कोण करतो?

"मला इंजिन खोलायला आवडते," तो बाईंना म्हणाला. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं.

"ताईशी बोलतो का?" बाईंनी मला विचारलं.

"त्याला कुठाय वेळ!" मी म्हणाले.

"तूच भाषण देऊन राहिलीस सारखी," तो म्हणाला. बाई हसल्या. मी कपबशा उचलल्या.

गल्लीत त्याला चोर म्हणत होते. मी रात्रीतून पत्रक लिहिलं, 'माझा भाऊ चोर नाही'. त्यात त्याचं नाव, शाळा, वर्ग, सगळं. खाली माझं नाव, त्याच्या नावापेक्षा ठळक. शाळेच्या फाटकावर मीच वाटलं. पोरं वाचत होती आणि मला बरं वाटत होतं. आता सगळे मला वाचत होते.

त्यानंतर तो शाळेत गेला नाही. गल्लीपुरती असलेली गोष्ट मी अख्ख्या शाळेला सांगितली होती.

पुढच्या तारखेला अधिकारी बाईंनी ते पत्रक टेबलावर ठेवलं. "अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. तो गुन्हा आहे. प्रकरण संपल्यावर त्याची नोंदसुद्धा नष्ट करतात. तुमचे हे कागद कोण गोळा करणार?"

मी कायद्यावर बोलायला तोंड उघडलं. भाऊ आधी बोलला.

"पोलिसांनी बी माझं नाव कुणाला सांगितलं न्हाई, ताई. तू सांगितलंस."

मंडळानं त्याला समज देऊन सोडलं. दहावीची परीक्षा त्यानं कशीबशी दिली आणि लातूरला मावशीकडे गेला, नांदेडात राहायला तयारच नव्हता. मी घरोघर पत्रकं परत मागत फिरले. काही मिळाली. एक बाई म्हणाली, "पोरी, वाचून झालंय की आमचं."

मी आता शिकायला बाहेरगावी असते. परवा जेवताना आईचा फोन आला. त्याला आयटीआयला डिझेल मेकॅनिकची जागा मिळाली.

"तुला कधी सांगितलं त्यानं?" मी विचारलं.

"मला आज. त्या अधिकारी बाईंना कालच कळवलंय म्हणे."

'ताईलाही कळव' असं त्यानं आईला सांगितलं होतं का, हे विचारायचं होतं. विचारलं नाही. त्या बाईंचा इतका राग आला, की मी ताटावरून उठले.