इरिओमोतेच्या रानातला शेवटचा नंबर

आमच्या टोकियोच्या मराठी मंडळाच्या पुढच्या सहलीची, निक्कोच्या डोंगराची, यादी आली. चालायच्या ओळीत पहिलं नाव माझं आणि शेवटचं बापटांचं. वा रे वा! वर फोन करून सांगतात, "वहिनी, तुम्हाला मानाची जागा दिलीय." कसला मान? अहो बापट, त्या जागेचा अर्थ ज्या रानात कळला तिथे मीही होते. तुमचे पाय विसरले असतील, माझे नाहीत विसरले.

बाकीच्यांना वाटेल, पहिला नंबर मिळाला तर ही बाई भांडते कशाला? म्हणून मे महिन्यातली इरिओमोतेची सहल सगळी लिहिते. नाहीतरी मंडळाच्या ह्या इंटरनेटच्या पानावर कुणीतरी लिहा, कुणीतरी लिहा, असं बापटच मागे लागले होते. घ्या आता. शिक्षण माझं चौथी. शुद्धलेखन ह्यांनी तपासलंय, बाकी सगळं माझं.

इरिओमोते म्हणजे नकाशात जपानच्या पार खाली, तैवानला टेकलेलं बेट. टोकियोहून विमान, मध्ये एकदा बदलून इशिगाकी, तिथून बोट. मेच्या सुरुवातीच्या सुटीत जाऊ नका, तिकिटं महाग आणि माणसं फार. आम्ही सुटी सरल्यावर गेलो. बोटीत मागे बसा. पुढे बसलात तर लाटेगणिक बूड आपटतं. आणि मासे खात नसाल तर जेवणाच्या डब्याचं आधीच सांगून ठेवा, नाहीतर भातावर डोळे वटारून मासा बसलेला असतो.

आम्ही अकरा जण. वाटाड्या मियारा-सान, साठीचा, सडपातळ, पायात अंगठा वेगळा असलेले रबरी जोडे. नदीच्या धक्क्यावर उतरलो आणि बापट माझ्याकडे वळले. मंडळाचे सेक्रेटरी ना ते, पुण्याचे इंजिनिअर.

"वहिनी, वर धबधब्याच्या वाटेला चिखल आहे, कातळ आहे, दोर धरून जायचंय. तुम्ही इथेच बसा ना आरामात. सामानही राहील तुमच्यापाशी."

"सामान राखायला आले होय मी विमानात बसून?"

हे नदीकडे बघत उभे. माझ्यावर वेळ आली की ह्यांना निसर्ग दिसतो.

मला तो वरचा धबधबा बघायचाच होता. जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात आठ-आठ तास उभी राहते मी, पाय काही भाड्याने आणलेले नाहीत. मियारा-सान मात्र माझ्या तोंडाकडे बघेनात, पायांकडे बघत होते. मग काहीतरी बोलले. सेंदाईला शिकणारी नीलिमा आमच्याबरोबर होती, तिने सांगितलं, "काकू, विचारतायत, वर यायचंय का?"

"हाय!" म्हटलं, म्हणजे हो. माझं निम्मं जपानी तेवढंच.

"मग म्हणाले, अगदी माझ्या मागोमाग चाला."

पहिला नंबर! लग्नात पहिल्या पंगतीला बसवल्यासारखी मी ताठ झाले. बापटांचं तोंड बघण्यासारखं झालं.

होडी निघाली. दोन्ही काठांना तिवरं, मुळं चिखलात रोवलेली. माझं माहेर मालवणकडच्या खाडीवरचं. ह्या बाराजणांत, वाटाड्या धरून, ते पाणी मला एकटीलाच घरचं वाटलं असेल, किंवा फार तर त्याला. अर्ध्या तासाने उतरलो तर रान सुरू. झाडांची मुळं पाट उभा करून ठेवावा तशी. केवड्याची भावंडं, माणसाच्या डोक्यावर जाणारी नेची. घाम असा की डोळ्यांत मीठ. मी ह्यांची ट्रॅकपँट नाडी आवळून घातलेली, आणि दर दहा पावलांनी मागे वळून विचारत होते, "काय बापट, येताय ना?"

मग आला कातळ. वरून पाणी वाहतंय, मध्ये दोर बांधलेला. काळं शेवाळ दिसेल तिथे पाय द्यायचा नाही, खरखरीत पांढुरकी जागा बघून सगळा तळवा टेकायचा, हे मला सातव्या वर्षी येत होतं. गेले पलीकडे. आमचे हेसुद्धा आले. बापट नव्या कोऱ्या भारी बुटांत मध्यावर आले आणि बसले. दोर दोन्ही हातांत, डोळे मिटलेले.

मीच परत गेले. "खाली बघू नका. माझा हात धरा."

"वहिनी, सोडू नका हं!"

"सोडायचं असतं तर आलेच नसते."

आणलं ओढून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मियारा-साननी काय करावं? बापटांना आपल्या मागे पहिलं उभं केलं आणि मला बोट दाखवून ओळीच्या पार शेवटी!

माझं डोकंच फिरलं. "मी ओढून आणलं आणि मलाच शेपटाला?"

नीलिमा तोंडावर हात धरून हसत होती. "काकू, ऐका तरी. वाटाड्याच्या मागे सगळ्यात कच्चा माणूस असतो, त्याच्या पावलाने सगळ्यांनी चालायचं. शेवटी सगळ्यात भरवशाचा. त्याच्या मागे बघायला कुणी नसतं ना."

म्हणजे सकाळपासून कच्ची मी होते! न भांडता शेवटी जाऊन उभी राहिले. हे म्हणाले, लग्नापासून पहिल्यांदाच.

पण मग शेवटी चालायला लागले आणि चाल कळली. आमच्या दहा जणांचे वीस पाय माझ्यासमोर. कोण घसरतंय, कोण दमलंय, कोण उगाच थांबतंय, सगळं दिसत होतं. धबधब्यापाशी सगळ्यात शेवटी मी पोचले. पाणी पायऱ्या-पायऱ्यांनी कोसळत होतं, तुषार तोंडावर. मी दोन्ही हात वर करून ओरडले. का ओरडले ठाऊक नाही. धक्क्यावर सामान राखत बसले असते तर ओरडले नसते, एवढं नक्की. दशम्या काढल्या. मियारा-साननी लसणाची चटणी खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि पुन्हा हात पुढे केला.

परतीला किनाऱ्यावर नेलं. तिथली वाळू चांदणीच्या आकाराची, तळहात ओला करून दाबला की कण दिसतात. गाडीत बसताना मियारा-साननी माणसं मोजली नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "मिन्ना?" म्हणजे सगळे आले का.

"हाय," म्हटलं. त्यांनी दार लावलं. माझ्या शब्दावर.

टोकियोत, कोतोच्या घरी आल्यावर गुडघे तीन दिवस ठणकले. चांदणीचे पाच-सहा कण नखात आले होते, ते कुंकवाच्या करंड्यात ठेवलेत. पण खरं राहिलं ते गाडीचं दार.

तेव्हा बापट, ती जागा तुम्ही स्वतःला वाटून घ्यायची नाही. ती मला मिळालेली आहे. पहिल्या नंबरावर तुमचं नाव घाला, शेवटच्यावर माझं. दोर आलाच तर मी मागून येतेच हात द्यायला. येत्या रविवारी संध्याकाळपर्यंत सुधारलेली यादी ह्याच पानावर दिसली पाहिजे. नाही म्हणायचं असेल तर तेही इथेच लिहा, सगळ्यांसमोर.