टेपवरचे आकडे

केशरबाईच्या लेखी जगात दोन प्रकारचे आकडे होते. एक टेपवरचे. ते कापडाचे. दुसरे विहारातल्या वर्गात शिकलेले. ते माणसांचे.

टेपवरचे तिला आधी आले. पेडगावहून लग्न करून ती परभणीत आली तेव्हा तिला अक्षर ठाऊक नव्हतं. शेजारच्या सुलाबाईनं तिला शिलाई मशीन शिकवली आणि गळ्यात टेप आला. ते आकडे ती वाचायची नाही, ओळखायची. जत्रेतल्या गर्दीत आपलं माणूस पाठीवरून ओळखावं तसं. पुढं छप्पन सालानंतर वस्तीत विहार झाला आणि संध्याकाळी बायांचा वर्ग भरू लागला. तिथं तिनं पाटीवर एक ते शंभर गिरवले. पहिल्यांदा शंभर लिहून झाले त्या दिवशी ती घरी आली ती पाटी न पुसताच. शाळेच्या हजेरीपटावर, मतदारयादीत, माणसाच्या नावापुढं असेच आकडे असतात, हे तिनं नीट पाहून ठेवलं होतं.

"दोन्ही एकच की," नवरा भगवानराव म्हणायचा. तो शाळेत शिपाई होता.

"एकच कसे? ते मोजायचे. हे लिहायचे."



चौऱ्याहत्तर साली तिचा लेक बन्सीधर ज्या क्लबात फुटबॉल खेळायचा, तो क्लब आधी विभागात जिंकला, मग राज्यातून निवडला गेला. हैदराबादला देशभरातल्या क्लबांच्या कुमार संघांची राष्ट्रीय स्पर्धा होती. स्पर्धेचं पत्र आलं तेव्हा क्लबाचे दत्तराव सर, म्हणजे कचेरीतले एक कारकून, ते तीनदा वाचत बसले. कुणी चेष्टा तर केली नाही ना, असं त्यांना वाटत होतं. पत्रात लिहिलं होतं, प्रत्येक खेळाडूच्या पाठीवर यादीप्रमाणं नंबर हवा. आजवर पोरं बिननंबरीच खेळली होती.

केशरबाईनं चौदा निळे सदरे शिवले आणि गोलकीपरसाठी एक लाल. पांढऱ्या मांजरपाटाचे आकडे कातरून तिनं पाठीवर बसवले: १, २, ३, थेट १५ पर्यंत. वळणदार, विहारातल्या पाटीवरचे. परभणीत एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. एस.टी.च्या पाट्यांवर तेच आकडे होते.

हैदराबादला जेवणाची सोय ज्याची त्यानं करायची होती, म्हणून दत्तरावांनी तिलाही बरोबर घेतलं.

"जा," भगवानराव म्हणाला. "मी करीन पिठलं."

"तुमाला येतं?"

"न्हाई. पर भूक लागल्यावर यील."

ज्वारीच्या पिठाचं पोतं, पंधरा पोरं, दत्तराव आणि केशरबाई हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनात उतरले. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता केरळच्या संघाशी सामना होता. दोन वाजता मैदानाच्या कडेला टेबलावर तपासणी. टेबलामागं कोटातले एक साहेब, पुढ्यात यादी. गोलकीपर मुंजाजी, राणीसावरगावच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला पोरगा, पाठ करून उभा राहिला.

"गोलकीपर नौ नंबर पहनता क्या?" साहेबांनी विचारलं.

"नौ न्हाई साब, एक हाय," केशरबाई म्हणाली.

"अम्मा, नौ है ये. साफ दिखरा."

"एक हाय. मीच शिवलाय."

साहेबांनी पुढच्याला वळवलं. "ये आठ."

"चार."

"और ये चार."

"पाच हो साब."

मग बन्सीधरची पाठ आली, तिच्यावर ११. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "निन्यानवे! इत्ते लोगां कब भरती करे जी तुमे?"

टेबलाभोवतीची माणसं हसली. बन्सीधरही हसला, पण आईचा चेहरा पाहून थांबला. हसू ओसरल्यावर साहेब यादीवर बोट ठेवून म्हणाले, "देखो अम्मा, कायदा है. अंग्रेजी नंबर होना. साडेतीन तक करके लाओ. नहीं तो सामनेवाले बगैर खेले जीत जाते."

दत्तराव गवतावर मटकन बसले. केशरबाईनं मुंजाजीच्या पाठीवरच्या १ वरून बोट फिरवलं. एवढ्या लांब आलेली पोरं चेंडूला पाय न लावता परत जाणार, ती तिच्या हातच्या आकड्यांमुळं. ज्या आकड्यांनी तिला माणसांत आणून बसवलं, तेच या पोरांच्या वाटेत आडवे पडले होते.

"सर, विंग्रजी म्हंजे कसे असतेत?" तिनं विचारलं.

दत्तरावांनी बोटानं मातीत एक काढला, चार काढला, पाच काढला.

केशरबाई वाकून बघत राहिली. "हे? हे तर टेपवरचे हायेत."

"व्हय, तेच की."

"मग आधी न्हाई का सांगायचं? मला येतेत ते. पर पोरं काय कापड हायेत का, मापाचे आकडे टाकायला?"

दत्तराव पोट धरून हसायला लागले. काल परभणी सोडल्यापासून ते हसले नव्हते.

तिनं टेप गवतावर पसरला, पिशवीतून कात्री आणि सुया काढल्या. पोरं गोल करून बसली. कुणी जुने टाके उसवायला, कुणी सुई ओवायला. १ चं डोकं कातरलं की नुसती काठी उरत होती, दोनला आणि तीनला हातही लावायची गरज नव्हती. पण बाकीच्यांना नवं कापड हवं होतं.

"सर, तुमचा लेंगा कुठाय?"

"कोणता?"

"पिशवीतला. पांढरा."

"अहो, रात्री घालायला..."

"रात्रीचं रात्री बघू."

लेंग्याच्या एका पायातून चार, पाच आणि सहा निघाले, दुसऱ्यातून आठ आणि नऊ. टेपवरचा सात अंगठ्यानं झिजून पुसट झाला होता, म्हणून तिनं सतरामधला सात बघून कातरला. मुंजाजीनं स्वतःच्या पाठीवरचा एक स्वतःच शिवला. घोंगड्या शिवलेला हात त्याचा, एवढाले टाके.

"मुंज्या, सदरा शिवायलास का पोतं?" बन्सीधर म्हणाला.

"तुझ्या आईला इचार. ती म्हणली पक्कं पाहिजे."

साडेतीनला पाच कमी असताना चौदा सदरे झाले. बन्सीधरच्या अकराच्या दोन काठ्यांपैकी दुसरी तिनं नुसत्या धावदोऱ्यावर टाचली आणि सदरा त्याच्या अंगावर फेकला. साहेबांनी पंधरा पाठी मोजल्या, यादीवर खुणा केल्या. लेंग्याच्या आठाकडं जरा जास्त वेळ बघत राहिले.

केरळच्या पोरांनी दहाव्या मिनिटाला गोल केला. ती पोरं पाण्यासारखी वाहत होती. परभणीची धडपडत होती, पण थांबत नव्हती. उत्तरार्ध सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि पंचानं शिट्टी फुंकली. बन्सीधरची दुसरी काठी गवतावर पडली होती. आता मैदानात एक नंबरचे दोन जण होते.

पंचानं त्याला कडेला धाडलं. केशरबाई सुई ओवूनच उभी होती.

"आई, लवकर. तिकडं धाच जण खेळायलेत."

"हालू नको. सुई पाठीत जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हणतोय. उभा राहा नीट."

केरळची पोरं चाल करून आली, मुंजाजीनं झेप घेऊन चेंडू छातीशी धरला. इकडं बन्सीधरची पाठ घामानं भिजली होती, कापडाखाली हाडं वरखाली होत होती. एवढ्या जवळून लेकाचा श्वास तिनं तो लहान असताना ऐकला होता. शेवटचा टाका घालून तिनं दोरा दातांनी तोडला आणि त्या अकरावर एक चापट मारली. "जा."

पंचानं हात केला. बन्सीधर डाव्या कडेनं आत धावला. मुंजाजीनं लांब मारलेला चेंडू त्याच्या पुढं पडला, एक जण चुकला, दुसरा घसरला, आणि जाळी हलली. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. दत्तराव कुणाला मिठी मारावी ते न कळून टेबलामागच्या साहेबांच्याच गळ्यात पडले.

वरून कर्णा खरखरला. "परभणी, एक गोल. ग्यारह नंबर."

केशरबाईनं दत्तरावांची बाही ओढली. "सर, ग्यारा म्हंजे अकराच ना?"

"अकराच."

"बघा बरं. परत निन्यानवे म्हणतील."

"अकराच हो केशरबाई. तुमचाच."

मग ती खाली बसली आणि टाळ्या वाजवायला लागली, हातात सुई आहे हे विसरून.