केशवचे टाके, माझी उसवण

जुने सोबती भेटले की किस्से निघतात, आणि दर भेटीत ते वीतभर लांबतात. आमच्या कर्जतच्या खोलीचे किस्से नारायण सांगतो, केशव सांगतो, ऐकणारे पोट धरून हसतात. लोकरीचे किस्से आले की मात्र, एक बैलाचा सोडला तर, दोघंही मला हळूच वगळतात. तेव्हा माझी बाजू मलाच सांगायला हवी. ती फारशी चांगली नाही, म्हणून तर कुणी सांगत नाही.

आम्ही तिघं मुलकी परीक्षेला बसणार होतो. मी चौकचा, नारायण नेरळचा आणि केशव ठाकुरवाडीचा. केशवचे वडील घाटात रेल्वेवर सांधेवाले, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारे, होते. कर्जतला स्टेशनामागं एका भाताच्या व्यापाऱ्याच्या माडीवर आमची खोली, आणि जेवण शेजारच्या जनामावशीकडं. पास झालो तर मास्तरकी नाहीतर कचेरीत कारकुनी, नापास झालो तर घरी जाऊन नांगर. त्यामुळं पहाटेपासून पाठांतर चालायचं. नद्या, सनावळ्या, त्रैराशिक, व्याकरण. जेवताना घास गिळायलाही उसंत नसायची.

वर्गात पहिला नंबर माझा होता. हेही दुसरं कुणी सांगत नाही.

*

थंडीच्या सुरुवातीला केशव स्टेशनावरून दोन लांब सुया आणि तांबड्या लोकरीचा गुंडा घेऊन आला. गार्डसाहेबाच्या मडमेची पेटी त्यानं बंगल्यापर्यंत वाहून दिली होती. व्हरांड्यात ती विणत बसली, हा तिथंच उभा राहून बघत राहिला. आठ दिवस रोज जाऊन बघत होता म्हणे. शेवटी तिनंच सुया हातात दिल्या.

"अरे, परीक्षा चार महिन्यांवर आली," मी म्हणालो. "हे बायकांचं काम शिकायला तुला वेळ कुठला?"

"हात रिकामे असले की माझं डोकं भटकतं रं," केशव म्हणाला.

मास्तरांनी त्याला वर्गात पकडलं. सुया बाकाखाली चालू होत्या. मास्तरांनी छडी उचलली आणि म्हणाले, "गोदावरीच्या उपनद्या सांग."

केशवनं सांगितल्या. एक सुलट टाका, एक नदी. एक उलट टाका, एक नदी. एकही चुकली नाही. मास्तरांनी छडी खाली ठेवली आणि माझ्याकडं वळले. "आता तू सांग."

मी दोन नद्या विसरलो. मास्तर म्हणाले, "तूही काहीतरी विणत जा."

*

मग मीही विणायला लागलो. चोरून. केशवला विचारणं जिवावर आलं, म्हणून वडिलांच्या मोडक्या छत्रीच्या दोन काड्या घासून सुया केल्या आणि जुनी कानटोपी उसवून लोकर काढली. दुपारी ते दोघं नदीवर गेले की मी विणायचो. वाटलं होतं, महिन्याभरात गळपट्टा करून त्याच्यापुढं टाकीन.

माझा गळपट्टा सुरुवातीला चार बोटं रुंद होता. पुढं वीतभर झाला, आणि मग पुन्हा दोन बोटांवर आला. कुठं टाके गळायचे आणि कुठं वाढायचे, ते मला कधीच कळलं नाही.

एकदा जिन्यात बसून विणत होतो. उल्हास नदीत मासे धरणारा मावशीचा भाऊ जाळी स्वतः विणायचा. तो येऊन उभा राहिला. माझं काम हातात घेतलं, उजेडात धरलं, भोकांतून बोट घालून बघितलं. जाणता माणूस होता.

"बारीक मासा सुटंल यातून," तो म्हणाला. "बाकी बरं हाय."

*

पौषात आमचे वडील बैलगाडी घेऊन चौकहून आले. बरोबर तांदूळ होते, आणि छातीत खोकला. केशवनं त्यांचा खोकला ऐकला, आत गेला, आपला तांबडा गळपट्टा आणला आणि त्यांच्या गळ्यात घातला.

वडील तो चाचपत राहिले. "तू केलास ह्यो? सोताच्या हातानं?"

"व्हय, काका."

"लेकरू असावं तर असं," वडील म्हणाले. हे ते नारायणला म्हणाले, पण मी तिथंच होतो.

ट्रंकेच्या तळाशी माझा गळपट्टा होता, तो काढून मी त्यांच्यापुढं धरला. "आबा, मीही केलाय."

वडिलांनी तो उलटसुलट करून बघितला. हसले नाहीत, एवढं खरं. नीट घडी घालून खांद्यावर टाकला. माझा जीव भांड्यात पडला. निघायच्या वेळी मी त्यांना पोचवायला खाली गेलो. वडील केशवचा गळपट्टा गुंडाळून गाडीवर चढले होते, आणि माझा डाव्या बैलाच्या गळ्यात होता.

"त्यालाबी थंडी वाजती रं," वडील म्हणाले.

नारायण हा किस्सा प्रत्येक लग्नात सांगतो. बैलानं नंतर तो खाल्ला हे मात्र त्याच्या पदरचं आहे. बैलानं तो दोन हिवाळे वापरला.

*

त्यानंतर मी जे केलं ते या दोघांनी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

मास्तरांच्या घरी बाळ झालं होतं. केशवनं त्याच्यासाठी आधी पायमोजे विणले, टाचेशी अर्ध्या ओळीतून परत फिरत, आणि मग कुंची विणायला घेतली. मास्तरीणबाई केशवला हाक मारून लाडू द्यायच्या, आम्हाला नुसतं "कसं चाललंय अभ्यासाचं" विचारायच्या. कुंची जवळजवळ पुरी झाली होती. एका दुपारी खोलीत मी एकटा होतो. मी सुई ओढून काढली आणि धाग्याचं टोक धरून चालत दारापर्यंत गेलो. सर्र करून पंधरा ओळी उसवल्या. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

केशव आला. लोकरीचा ढीग बघून खाली बसला आणि धागा गुंडाळायला लागला.

"उंदीर असेल," मी म्हणालो.

मावशीनं सापळा दिला. तिसऱ्या दिवशी त्यात खरोखरच एक उंदीर सापडला. नारायण त्याला मारायला निघाला. केशवनं सापळा उचलला, नदीकाठी नेला आणि दार उघडलं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "त्याला येत नाय, म्हणून तो उसवतो."

बोलताना तो उंदराकडं बघत नव्हता.

*

परीक्षा ठाण्याला होती. माझी जागा नेमकी केशवच्या मागं तिरकी आली. सुया आत न्यायला बंदी. पहिल्याच प्रश्नाला केशव अडला. मग त्यानं लेखणी खाली ठेवली, हात मांडीवर घेतले आणि रिकामी बोटं चालवायला लागला. थोड्या वेळानं लेखणी उचलून लिहिलं. पुन्हा बोटं. पुन्हा लिहिलं. असं पेपरभर चाललं.

देखरेखीला कुणी अनोळखी मास्तर होते, जाड भिंगांचे. त्यांनी ते टिपलं. पाठीमागून येऊन त्यांनी केशवचा कागद खेचून घेतला.

"खुणा करतोस? कुणाला? ऊठ, बाहेर हो."

केशवनं नुसतीच मान हलवली. मास्तर माझ्याकडं वळले. "तू मागं बसलायस. तुला दिसतंय. काय करत होता हा?"

मी काही बोललो नसतो तरी पुरे होतं. खोटंही बोलावं लागलं नसतं. केशव घाटात परत गेला असता आणि पहिला नंबर माझाच राहिला असता. हे सगळं मला एका क्षणात दिसलं, आणि तो क्षण बराच लांबला. केशवनं मान वळवून माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्याची बोटं मांडीवर तशीच अर्धवट थांबली होती. अर्ध्या ओळीत जाऊन परत फिरायच्या बेतात. चार महिने मी त्या बोटांवरून नजर हटवली नव्हती. त्याच्या आईनंही ती इतकी बघितली नसतील.

"पायमोजा विणतोय, साहेब," मी म्हणालो. "टाचेशी आलाय."

मास्तर वाकले. केशवची बोटं ओळीतून परत फिरली, ती त्यांनी भिंगांतून निरखली. मग कागद परत बाकावर ठेवला.

"टाच आटप लवकर," ते म्हणाले. "अर्धा तास राहिलाय."